पंप उतरवण्याआधी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या दैनिकात एक बातमी हमखास येते. सकाळी गर्दीच्या वेळी पुलावर मालाचा टेम्पो बंद पडला, मागे लांबच लांब रांग लागली, क्रेन येईपर्यंत लोक अडकून पडले. बातमीचं शेवटचं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं, गाडी जुनी होती. मग वाचकांची पत्रं येतात, असल्या गाड्या भंगारात काढा म्हणून. ती पत्रं वाचून मला राहवलं नाही.

मी रे रोडला इंजिनाला डिझेल दाबून देणारे पंप आणि ते सिलिंडरमध्ये फवारणारे नोझल यांच्या कामात हयात घालवली. दारूखान्यातल्या लोखंडाच्या गाड्या, वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवरच्या, भायखळ्याच्या भाजीच्या, भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणि बर्फ नेणाऱ्या पिकअप, सगळ्यांचे पंप आमच्या टेबलावर येत. टाटाची दोनशेसात, महिंद्राची बोलेरो पिकअप आणि 2005 नंतर छोटा हत्ती. पंप बहुतेक मायकोचे. 1951 साली सुरू झालेल्या बंगळूरच्या या कंपनीने 2008 मध्ये बॉश हे नाव घेतलं, पण आमच्या गल्लीत मायको म्हटल्याशिवाय कुणाला कळत नाही.

इतके पंप खोलल्यावर एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकतो. गाडी स्टार्ट होत नाही म्हणून उतरवून आणलेल्या कितीतरी पंपांना काहीही झालेलं नसायचं. तपासणीच्या टेबलावर लावला की मोजपट्टीप्रमाणे डिझेल देई. बिघाड दुसरीकडेच असायचा, बॅटरीच्या वायरीत, टाकीच्या झाकणात, रबरी पाइपात. तरीही पंप उतरला की गाडी दोन-तीन दिवस उभी राहते, बसवताना टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) पुन्हा जुळवावं लागतं, आणि ते गिअरच्या एखाद्या दाताने चुकलं तर आधी नसलेला रोग गाडीला लागतो. भाजीवाल्याची गाडी तीन दिवस उभी राहिली तर त्याची गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे जातात. हे नुकसान कुठल्या बिलात दिसत नाही.

गाडी जुनी आहे म्हणून बंद पडली, हे निदान झालं नाही. सुरू न होण्याला दर वेळी एक नेमकं कारण असतं आणि ते पुलावर, पावसात, हातात पान्हा आणि साधा मीटर असलेला माणूससुद्धा शोधू शकतो. क्रम तेवढा पाळला पाहिजे.

सुरुवात कानाने करावी. चावी फिरवल्यावर सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारा स्टार्टर, नेहमीच्या वेगाने फिरतो का? डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नसते. हवा सतरा-अठरा पट दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात नोझलने फवारलेलं डिझेल पेट घेतं. इंजिन रेंगाळत फिरलं तर हवेची उष्णता सिलिंडरच्या भिंतींत निघून जाते, दाब पिस्टनच्या कडेने गळतो, आणि पंप कितीही चांगला असो, डिझेल पेटत नाही. म्हणजे दिसायला डिझेलचा वाटणारा बिघाड मुळात विजेचा असतो. मला सर्वांत जास्त वेळा भेटलेला बिघाड हाच.

साधा मीटर काही शे रुपयांत मिळतो. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे, 12.2 च्या खाली गेली तर अर्धीअधिक रिकामी. खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. त्या क्षणी काटा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरीत दम नाही. गाडी सुरू झाल्यावर 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. तेवढे दिसत नसतील तर नवी बॅटरी घेऊनही उपयोग नाही, कारण अल्टरनेटर तिला भरतच नाही.

बॅटरी चांगली आणि तरीही सेल्फ रेंगाळतो, असं असेल तर अर्थिंग, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणारी जोडणी, बघा. मुंबईची हवा खारट, त्यात पावसाचं चिखलपाणी. इंजिनपासून चॅसीला जाणारी जाळीची पट्टी वरून धड दिसते, पण बोल्टखाली हिरवट बुरशीसारखा गंज साचलेला असतो. मीटरची एक वायर बॅटरीच्या उणे टोकाला, दुसरी थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तेवढी ताकद वाटेतच मरते आहे. मीटर नसेल तर जंप केबलने उणे टोक आणि इंजिन जोडून बघा. सेल्फ एकदम जोरात फिरला तर रोग सापडला. बोल्ट काढायचा, पॉलिश पेपरने जागा चकचकीत करायची, ग्रीस लावून पुन्हा आवळायचा. खर्च जवळपास शून्य.

सेल्फ फिरतच नसेल तर हेडलाइट लावून चावी मारा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी किंवा टर्मिनल. दिवे जसेच्या तसे आणि आवाजही नाही, तर चावीचा स्विच किंवा सेल्फला वीज जोडणाऱ्या सोलेनॉइडची बारीक वायर. नुसता एक ‘टक’ आवाज येऊन थांबलं तर सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळाले असण्याची शक्यता मोठी.

समजा सेल्फ झकास फिरतो आहे. आता एका माणसाला सायलेन्सरकडे उभं करा. सेल्फ मारताना पांढरट धूर येतो का? येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतं आहे पण पेटत नाही, म्हणजे कॉम्प्रेशन (हवेचा दाब), टायमिंग किंवा ज्या गाडीला सिलिंडर तापवणारे हीटर प्लग आहेत तिचे प्लग तपासा. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोहोचतच नाही. एवढ्या एका खुणेवर अर्धा शोध संपतो, आणि खेदाची गोष्ट अशी की गॅरेजात हल्ली सायलेन्सरकडे कुणी बघत नाही.

धूर नाही म्हणजे पंप गेला, असं मात्र समजू नये. पंप बंद करायची सोय आधी बघावी. काही गाड्यांना ओढायची स्टॉप केबल असते, ती गंजून अर्धवट ओढलेली राहते आणि पंप बिचारा बंद स्थितीतच फिरत राहतो. रोटरी पंपावर, म्हणजे फिरत्या भागाने सगळ्या नोझलना डिझेल वाटणाऱ्या पंपावर, छोटा स्टॉप सोलेनॉइड असतो. चावी ऑन केल्यावर तो हलकेच टक वाजला पाहिजे. नाही वाजला तर त्याची वायर सुटली किंवा फ्यूज गेला असेल. बॅटरीवरून एक वायर थेट त्याला देऊन बघायला अर्धा मिनिटही लागत नाही.

आता एअरबद्दल, म्हणजे डिझेलच्या लाइनीत शिरलेल्या हवेबद्दल, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण सर्वाधिक निर्दोष पंप याच कारणाने उतरवले जातात. टाकीपासून डिझेल ओढणाऱ्या छोट्या फीड पंपापर्यंतची लाइन दाबाखाली नसते, ती ओढीवर चालते. त्यामुळे तिथे फट पडली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. खाली डाग नाही, वास नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. रात्री गाडी उभी राहिली की डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं आणि लाइन रिकामी होते. सकाळी चार वाजता बाजाराची वेळ आणि गाडी सेल्फ खाऊन खाऊन बॅटरी उतरवते. एकदा सुरू झाली की दिवसभर काही तक्रार नाही.

भायखळ्याला भाजी आणणाऱ्या एका तरुणाचा पंप असाच माझ्याकडे आला होता. गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, पंपाचं हेड (डिझेल दाबणारा भाग) गेलं. टेबलावर पंप पास झाला. मी त्याला म्हटलं, बाळा, पंप बसवून घे आणि गाडीच इकडे आण. गाडी आली. फिल्टर आणि पंपाच्या मधला रबरी पाइप काढून तिथे हातभर पारदर्शक पाइप लावला. सेल्फ मारला तर आत बुडबुड्यांची माळच धावायला लागली. मग मी मागे मागे गेलो. फिल्टरच्या पोकळ बंजो बोल्टचे तांब्याचे वायसर चांगले होते. चॅसीवरची लोखंडी नळी ठीक होती. शेवटी टाकीच्या डोक्यावर आलो. तिथला रबरी पाइप नुसता बघितला तर नवा वाटावा. बोटाने किंचित वाकवला तेव्हा क्लिपच्या अगदी कडेला, केसाएवढी, पाइपाच्या निम्म्या घेरात गेलेली चीर दिसली. क्लिप नको तेवढी आवळून आवळून पडलेली. चिरलेला तुकडा कापून टाकला, पाइप पुढे सरकवला, नवी क्लिप लावली, हँड पंपाने एअर काढली. पारदर्शक पाइपात डिझेल काचेसारखं स्वच्छ, एकही बुडबुडा नाही. त्या मुलाने ती चीर कितीतरी वेळ हातात धरून बघितली. गाडीचे दोन हप्ते थकले होते त्याचे.

एअर काढण्याची रीत ड्रायव्हरला यायलाच हवी. फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू दोन फेरे ढिला करायचा, फीड पंपावरचा हँड पंप दाबत राहायचं, फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड डिझेल. अखंड धार आल्यावर हँड पंप दाबलेला असतानाच स्क्रू बंद करायचा. मात्र दर दोन दिवसांनी एअर काढावी लागत असेल तर फट शोधल्याशिवाय सुटका नाही. कुठे आहे ते कळत नसेल तर डबा लावून बघा. स्वच्छ डिझेलचा डबा इंजिनपेक्षा उंच बांधायचा, त्याची नळी थेट फिल्टरला द्यायची. गाडी सुरळीत चालली तर दोष टाकी ते फीड पंप या टप्प्यात आहे. ही आमच्या आधीच्या कारागिरांची युक्ती, आणि पंप उतरवण्याआधी ती केलीच पाहिजे असा नियम मी माझ्या हाताखालच्या पोरांना घालून दिला होता.

काही गाड्या सकाळी झटक्यात सुरू होतात आणि मध्येच, दहा-पंधरा किलोमीटरवर, दम तोडतात. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू. अशा वेळी टाकीचं झाकण उघडताना कान द्या. ‘फुस्स’ असा आवाज आला तर झाकणातलं हवेचं छिद्र चिखलाने बुजलं आहे, टाकीत पोकळी तयार होऊन डिझेल ओढलं जात नाही. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यांतून गेलेल्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं. फक्त चढावर मरत असेल तर टाकीतली जाळी किंवा फिल्टर गाळाने भरला आहे.

पाण्याचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर फिल्टरच्या तळाचा स्क्रू नियमाने उघडून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढावं आणि बाटली स्थिर ठेवावी. पाणी खाली बसतं, मधली रेघ स्पष्ट दिसते. त्या रेघेवर काळपट बुळबुळीत थर असेल तर टाकीत शेवाळी गाळ वाढला आहे आणि टाकी उतरवून धुतल्याखेरीज नवे फिल्टरही महिनाभर टिकणार नाहीत. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी होतं, म्हणून या दिवसांत रात्री टाकी भरून गाडी उभी करावी. पंप म्हणजे डिझेलवरच तेलपाणी होणारं यंत्र आहे. आतले भाग इतके घट्ट बसवलेले असतात की पाण्याचा थेंब किंवा रॉकेलची भेसळ त्यांना ओरबाडून काढते. तेव्हा मात्र पंप खरंच जातो, आणि तो दोष पंपाचा नसतो.

पंप खरोखर गेला हे कसं ओळखावं, तेही सांगतो, नाहीतर मी माझ्याच धंद्यावर पांघरूण घालतो असं वाटेल. रोटरी पंप झिजला की गाडी थंड असताना सुरू होते आणि तापल्यावर बंद केली की सुरू होत नाही. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून निसटतं. अशी गाडी अडली तर पंपाच्या हेडवर गार पाण्यात भिजवलेलं फडकं काही मिनिटं ठेवा. त्यानंतर सुरू झाली तर हेड झिजलं आहे यात शंका नाही. मग पंप उतरवा, बिनदिक्कत.

दोन-तीन गोष्टींची भीती मात्र बाळगावीच. हवेच्या पाइपाला पेट्रोलचा बोळा लावून सेल्फ मारण्याची पद्धत अजून चालते. त्याने गाडी सुरू होते, पण स्फोटाच्या दणक्याने पिस्टनच्या रिंगा आणि त्यांच्या खाचा तुटतात, आणि हीटर प्लग असेल तर आग लागते. दुसरं, जुन्या पंपाच्या गाडीत मिसिंग (नीट न पेटणारा सिलिंडर) शोधायला नोझलच्या पाइपाचे नट एकेक करून ढिले करतात, ते ठीक, पण फवाऱ्यासमोर हात धरू नये. दोनशे बारच्या वरचा फवारा कातडी भेदून आत शिरतो. आणि कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच नळीतून फार मोठ्या दाबाने डिझेल देणाऱ्या नव्या गाडीत तर तो नट चालू इंजिनवर चुकूनही सोडू नये. तिथे दाब हजार-सोळाशे बारपर्यंत जातो. जुन्या हाताची सवय नव्या गाडीवर चालत नाही, हे आमच्या वयाच्या मिस्त्रींना मी मुद्दाम सांगतो.

पाण्यात बुडालेली गाडी तर आधी सेल्फ मारून बघायचीच नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरचे आठवडे आमच्या भागातल्या प्रत्येक गॅरेजात वाकलेल्या कनेक्टिंग रॉडचा ढीग होता. त्यातल्या कितीतरी गाड्यांचं इंजिन पुराने मोडलं नव्हतं, पाणी ओसरल्यावर घाईने मारलेल्या सेल्फने मोडलं. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दबत नाही, म्हणून पिस्टनचा रॉड वाकतो. आधी नोझल काढायचे, इंजिन हाताने फिरवायचं, पाणी बाहेर पडू द्यायचं.

काळा धूर ओकणाऱ्या गाड्यांची बाजू मी घेत नाही. माझीही नातवंडं याच हवेत श्वास घेतात. पण काळा धूर हाही तपासण्याजोगा बिघाडच आहे. तुंबलेला एअर फिल्टर आणि ठिबकणारा नोझल बदलला की बहुतेक गाड्यांचा धूर डोळ्यांदेखत कमी होतो. नोझल परीक्षेच्या यंत्रावर लावला की चांगला नोझल धुक्यासारखा फवारतो आणि किरकिर आवाज करतो, खराब नोझल मुकाट धार सोडतो. मालकाला ते समोर उभं करून दाखवावं. एकदा पाहिलं की त्याला दुसऱ्या कुणी फसवू शकत नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. गॅरेजमालकांनी पंपाचा बोल्ट सोडण्याआधी सेल्फ मारतानाचे व्होल्ट, धुराचा रंग आणि पारदर्शक पाइपात बुडबुडे आहेत की नाहीत, एवढं बिलाच्या पाठीमागे लिहावं आणि काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा ट्रेड आहे. तिथून येणारी पोरं हुशार असतात, बिघाड वाचणारा स्कॅनर त्यांना लावता येतो, पण जुन्या पंपाला स्कॅनर लावायची जागाच नसते आणि तिथे ती गोंधळतात. आमच्यासारखे निवृत्त कारागीर या शहरात पुष्कळ आहेत. आठवड्यातून एक दुपार त्यांना बोलावलं तर ते मानधनाची वाट बघत बसणार नाहीत. मी स्वतः यायला तयार आहे, माझा मीटर आणि पारदर्शक पाइप घेऊन.

आणि आपल्या दैनिकाला विनंती. पुलावर बंद पडलेल्या गाडीची बातमी देताना वार्ताहराने क्रेनवाल्याला किंवा ड्रायव्हरला एवढंच विचारावं की नेमकं काय बिघडलं होतं, आणि ते छापावं. डिझेल संपलं होतं, टायर फुटला, एअर धरली, बॅटरी उतरली, जे असेल ते. गाडी किती वर्षांची आहे ते त्याच्यानंतर लिहिलं तरी चालेल.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त पंप कारागीर
शिवडी, मुंबई